पाझराचं शेत

खुरपं धुवायला म्हणून ती सरीत वाकली आणि तशीच वाकून राहिली. सरीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं. कालपर्यंत याच पाण्यात तळाचा खडा न् खडा दिसत होता.

"अहो," तिने नवऱ्याला हाक मारली, "वर कुणी म्हशी घातल्यात का पाण्यात?"

नवरा दोन ओळी पलीकडे उकिडवा बसून कोबीची पिवळी पानं खुडत होता. त्याने मानसुद्धा वर केली नाही. "हे पाझराचं पाणी आहे. जमिनीतून येतं. जमिनीत कुठल्या आल्या म्हशी?"

"तेच म्हणते मी. मग गढूळ कशाने झालं?"

"झालं सुरू," नवरा म्हणाला.

या बाईला घरात आणि गावात सगळे 'चौकशी' म्हणत. हे नाव सासूने ठेवलेलं, तेही लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात. खुराडं असताना कोंबड्या झाडावर का झोपतात, चूल या भिंतीला का आणि त्या भिंतीला का नाही, विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट कसं लागतं... सासू बिचारी उत्तरं देऊन देऊन थकली आणि शेवटी म्हणाली, "अगं, तू सून आहेस की चौकशी?" झालं, तेच नाव चिकटलं. बाईला त्याचं काही वाटत नसे. विचारल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे, एवढं मात्र खरं.

आता हे शेत कसलं, ते सांगायला हवं. गावाच्या वर दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध घालून पाणी अडवलेलं होतं. मोठं धरण वगैरे काही नाही. जुन्या माणसांनी पाट्या वाहून केलेलं काम. बांध एका माणसाच्या मालकीचा नव्हता, पण त्याचे वाटे होते. प्रत्येक घराकडे बांधाचा एक तुकडा, दोन्ही टोकांना खुणेचा दगड. दर वर्षी पीक निघालं की आपापल्या वाट्यावर माती टाकायची, चोपायची, उंदरांची बिळं बुजवायची. बदल्यात पाटाच्या पाण्याची पाळी मिळायची. वाटा राखला नाही तर पाळी नाही, असा सरळ हिशेब.

या घरचा वाटा बांधाच्या ऐन मध्यावर होता आणि त्याच्या बरोब्बर खाली यांचं शेत. सगळं गाव पाळीची वाट बघत बसे तेव्हा यांच्या शेताला बांधाच्या पायथ्यातून आपोआप पाणी येई, बारा महिने, न मागता. सासरे, म्हणजे तिचे मामंजी, त्याला 'माझ्या घामाचं पाणी' म्हणत. "मी माझा वाटा लेकरासारखा जपला, म्हणून तो मला पाजतो," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की ऐकणारे ओठ हलवून साथ देत. त्याच गुर्मीत त्यांनी कधीकाळी भर बैठकीत आपली पाळी सोडून दिली होती. "आम्हाला नको. द्या कुणाला गरज असेल त्याला." ती शेजारच्या वाट्याच्या लोहाराला मिळाली. तेव्हापासून लोहाराचा गहू दुप्पट आणि मामंजींची मान चौपट.

गाव त्यांना बांधमास्तर म्हणे. दुसऱ्यांचे वाटे तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. टोकदार लोखंडी सळई घेऊन ते बांधावरून फिरत आणि जिथे सळई सहज आत जाई तिथे मालकाला उभं करत. मागच्याच महिन्यात लोहाराच्या वाट्यात घुशीचं बीळ निघालं, तर चार माणसांसमोर त्याला म्हणाले, "लोखंड चोपतोस तेवढी माती चोप की रे. का हात दुखतात?" लोहाराने रिकामी पाटी उचलली. खाली उतरला आणि पुन्हा पाट्या वाहायला लागला. त्या वेळी सूनबाई तिथेच भाकरीचं गाठोडं घेऊन उभी होती आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तर असं हे पाणी, आणि ते गढूळ झालेलं.

तिने जुन्या सुती कपड्याचा तुकडा आणला, दोन काटक्यांना बांधला आणि सरीत आडवा रोवला. दुपारी जाऊन बघते तर कापडाच्या पोटात ओंजळभर गाळ. चिमटीत घेतला, चोळला. लोण्यासारखा मऊ आणि रंगाने पिवळा. शेताची माती काळी कुळकुळीत. मग ही पिवळी पाहुणी आली कुठून?

संध्याकाळी जेवताना तिने तो गाळ ताटलीत घालून सगळ्यांच्या मध्ये ठेवला.

नवऱ्याने बोट लावलं आणि त्याचा घास तोंडातच राहिला. "ही तर भरावाची माती," तो म्हणाला. "बांधाच्या पोटात घालायला टेकडीवरून आणलेली. आमच्या आजोबांच्या वेळची."

"म्हणजे पाणी बांधाच्या पोटातून येतंय," ती म्हणाली, "आणि येताना पोट खातंय."

मामंजींनी ताटली उचलली, बघितली आणि आपटून खाली ठेवली. "माझा वाटा गळतो म्हणतेस? माझा? मी उभ्या गावाचे वाटे तपासतो आणि काल आलेली पोरगी माझा वाटा तपासणार?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही, मामंजी. माती पिवळी का, एवढंच विचारलं."

"जेवताना माती आणू नये ताटाशी," मामंजी म्हणाले आणि हात धुवून उठले.

ते बाहेर गेल्यावर सासूने तिला जवळ ओढलं. सासू रागावलेली नव्हती, घाबरली होती. "बाई गं, थोडी अक्कल वापर. तो पाझर बुजला तर आपण खायचं काय? पाळी तर आपल्याला नाही. आपल्याच पोटावर पाय द्यायला निघालीस?"

"आई, आणि बांध फुटला तर?"

"इतकी वर्षं फुटला का?"

"इतकी वर्षं पाणी स्वच्छ होतं ना."

सासू उठली. ती भांडी गोळा करायला लागली आणि जरा जास्तच आवाज करत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर चौकशी पाटीभर भुसा घेऊन बांधावर चढली. तलाव काठोकाठ भरलेला. खाली पाटाच्या दोन्ही अंगांना गहू दाणे भरायच्या बेतात उभा होता. एक शेवटचं पाणी मिळालं की सुटला. तिने आपल्या वाट्याच्या काठाशी बसून मूठमूठ भुसा पाण्यावर पसरायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?" मागून आवाज आला. मामंजी सळई टेकत उभे होते. "गुरांच्या तोंडचा भुसा तलावाला घालतेस? डोकं फिरलं का?"

"मामंजी, रागवा हवं तर, पण आधी एवढं बघा." तिने बोट दाखवलं. पसरलेला भुसा आधी नुसता तरंगला. मग काठाजवळचा थोडा हळूच वळला, एकाच जागी गोल फिरू लागला आणि मधली काडी न् काडी बुडत गेली.

"वारा आहे," मामंजी म्हणाले.

"कुठाय?"

मामंजींनी बोट जिभेला लावून वर धरलं. बराच वेळ धरलं. वाऱ्याचा पत्ता नव्हता. मग ते उकिडवे बसले. त्यांचे गुडघे कडाकडा वाजले.

"पुन्हा टाक बघू," ते म्हणाले. "थोडा अलीकडे."

तिने टाकला. भुसा पुन्हा तिथेच येऊन फिरला. मामंजींनी स्वतः मूठ भरली, दूर भिरकावली आणि लहान मुलासारखे मान पुढे काढून बघत राहिले. तोही भुसा रमतगमत आला आणि तिथेच गेला. सासरा-सून दोघं पाटी रिकामी होईपर्यंत तो खेळ खेळले. रागवायचं आहे हे मामंजी साफ विसरले होते.

"पण इथेच का?" तिने विचारलं. "दुसरीकडे कुठे नाही, इथेच का?"

मामंजी उठले आणि त्या जागेच्या वर, बांधाच्या माथ्यावर सळई टोचायला लागले. इथे घट्ट, तिथे घट्ट. मग एका ठिकाणी सळई मुठीपर्यंत आत गेली, आणि ते पुढे झुकून पडता पडता वाचले. सळई उपसली तर टोकाला काळा भुगा. त्यांनी तो हातावर घेतला, नाकाशी नेला आणि मटकन खाली बसले.

"काय झालं, मामंजी?"

"झाड होतं इथे," ते हळू आवाजात म्हणाले. "मीच लावलेलं. मुळं माती धरून ठेवतात म्हणून. सगळ्या बांधावर माझाच वाटा सावलीचा. लोक नाव काढायचे. मग घर वाढवलं तेव्हा माजघराला आढं हवं होतं. तुझा नवरा रांगत होता. सरळसोट झाड, कापलं. बुंधा राहिला, त्यावर दर वर्षी माती टाकत गेलो. त्यालाही छान चोपलं."

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. बुंधा कुजला, मुळं कुजली, आणि बांधाच्या आरपार नळ्या पडल्या. ज्याला ते घामाचं पाणी म्हणायचे ते या नळ्यांतून येत होतं. तिला खरं तर आनंद झाला होता, कोडं सुटलं म्हणून, आणि म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्या आनंदाची लाजही वाटली.

"कोबी निघू दे," मामंजी शेवटी म्हणाले. "अजून गड्डे घट्ट व्हायचेत. पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. तोवर तू तोंड उघडायचं नाहीस."

"तोवर बांध थांबेल का?"

"ते बांधाला विचार," असं म्हणून ते तरातरा खाली उतरले.

तिने खरोखरच तोंड बंद ठेवलं, आणि त्याने तिचं पोट दुखायला लागलं. ती घटकेघटकेला सरीवर जाऊन कापड उचलून बघे. ओंजळभर गाळाचा तांब्याभर झाला, तांब्याभराचा पाटीभर झाला. मग एका सकाळी सरीच्या बाजूला, जिथे कधी थेंब नव्हता तिथे, कोबीच्या ओळीतच एक नवं तोंड दिसलं. पिवळं पाणी खदखदत वर येत होतं आणि तोंडाभोवती वारुळासारखी मातीची कड तयार झाली होती. बाजूचे दोन गड्डे मुळासकट कलंडले होते. तिने बाही सारून हात आत घातला. हात कोपरापर्यंत गेला, तरी तळ लागला नाही, आणि बोटांना आतून येणारं गार पाणी ढकलत राहिलं. तेव्हा मात्र तिचं कुतूहल पळालं आणि ती घाबरली.

तिने मामंजींना बोलावून आणलं. त्यांनीही हात घातला. बराच वेळ तो बाहेर काढला नाही. मग चिखलाचा हात तसाच लोंबता ठेवून ते उठले.

"चल."

"कुठे?"

"पाटकऱ्याकडे. एकटा गेलो तर वाटेत माझं मन फिरेल."

पाटकरी म्हणजे बांधाचं दार सांभाळणारा आणि पाळ्या लावणारा माणूस. तो दाराशेजारच्या खोपटात दाढी करत बसला होता. मामंजी दारात उभे राहून एका दमात बोलले. "माझा वाटा गळतोय. आरपार. खाली माती उकळायला लागलीय. माझ्या झाडाच्या मुळांनी." एवढं बोलून ते जमिनीकडे बघत राहिले. पाटकऱ्याच्या अर्ध्या गालावर साबण तसाच वाळला.

तासाभरात सगळं गाव बांधावर होतं. दार उघडून तलाव रिकामा केला तर बांध वाचेल, पण गव्हाचं शेवटचं पाणी ओढ्याला जाईल. नाही उघडलं आणि बांध गेला, तर गहूही गेला आणि खालची घरंही. आणि त्या घरांत पहिलं घर यांचंच. जो तो बोलत होता आणि बहुतेक जण बांधमास्तरांबद्दलच बोलत होते, तेही त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"आधी भोक बुजवून बघू," लोहार म्हणाला. "नाहीच जमलं तर दार उघडू. वाकळा आणा घरोघरच्या, जाड बघून. त्यात पिवळी माती बांधायची आणि पाण्याच्या बाजूने सोडायची. पाणी ओढतंय ना? मग तेच ओढून घेईल."

"नेमकी कुठे सोडायची? गढूळ पाण्यात दिसतंय काय?" कुणीतरी विचारलं.

"मला जागा माहीत आहे," मामंजी म्हणाले आणि कुणी अडवायच्या आत पाण्यात उतरले. छातीएवढ्या पाण्यात पायाने चाचपडत पुढे सरकले. "इथे... नाही, जरा..." आणि एकदम गळ्यापर्यंत खाली गेले. एक पाय मांडीपर्यंत भोकात गेला होता. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं ते पाणीच आत गेलं. लोहाराने कपड्यांसकट उडी मारली, त्यांना काखेतून धरलं आणि घणाची सवय असलेल्या हातांनी उपसून काढलं. मामंजी वर आले, पण कमरेचं कापड आलं नाही. ते बांधाने गिळलं.

काठावर हसू फुटलं. कुणी मुद्दाम हसलं नाही, पण आवरलंही नाही. बांधमास्तर नुसत्या चड्डीवर, पायाला खरचटलेलं, थरथरत उभे. लोहाराने आपला ओला पंचा पिळून त्यांच्याकडे दिला आणि दुसरीकडे तोंड करून म्हणाला, "गुंडाळा. आणि जागा दाखवा, बाकी आम्ही बघतो."

मामंजींनी पंचा गुंडाळला आणि बांबू रोवून जागा दाखवली. पहिली वाकळ सोडली ती भस्सकन आत गेली, जणू नव्हतीच. दुसरी गेली. तिसरी अर्धी आत जाऊन फुगून बसली. ती चौकशीच्याच लग्नातली होती, निळ्या काठाची. तिच्यावर मातीच्या गोण्या, गोण्यांवर माणसं, आणि माणसांच्या पायाखाली आणखी माती. माथ्यावर नवऱ्याने आणि इतर चौघांनी बुंध्याची जागा खणून सगळा काळा भुगा उपसला आणि खड्डा थरथराने पिवळ्या मातीने चोपत आणला. बायका पाट्या देत होत्या. चौकशी मात्र दर थोड्या वेळाने बांधाच्या पायथ्याशी धावत जाऊन परत येत होती.

"काय म्हणतंय?" वरून ओरडून विचारत.

"अजून गढूळ!"

"आता?"

"कमी झालंय!"

ऊन कलायला लागलं तेव्हा ती गेली आणि बराच वेळ आलीच नाही. तेव्हा मामंजीच खाली उतरले. ती सरीच्या काठावर बसली होती. खदखदणारं तोंड गप्प झालं होतं. सरीत नुसती ओल होती.

"थांबलं," ती म्हणाली. वर ओरडून सांगायचा धीर तिला झाला नव्हता. मामंजींनी हात तोंडाशी धरून स्वतःच ओरडून सांगितलं. वर जल्लोष झाला. खाली दोघं जण कोबीकडे बघत उभे राहिले.

चार दिवसांत शेताची वरची माती भेगाळली. कोबी दुपारी माना टाकायला लागली, सकाळी सावरे ना. घरात कुणी चौकशीला बोल लावला नाही. सासू फक्त एकदा म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं?" आणि लगेच स्वतःचीच जीभ चावून तिला जवळ घेऊन रडली.

शेवटच्या पाण्याच्या पाळ्या लागायच्या दिवशी मामंजी खोपटापुढच्या रांगेत जाऊन उभे राहिले, सगळ्यांच्या मागे. चौकशी लांब कडुलिंबाखाली थांबली होती; तिला राहवलं नव्हतं. पुढच्या माणसांनी मागे वळून बघितलं आणि पुन्हा पुढे बघितलं. नंबर आला तेव्हा पाटकऱ्याने विचारलं, "बोला."

"थोडं पाणी हवं होतं. पाझराच्या शेताला."

"त्या शेताला पाळीच नाही, मास्तर," पाटकरी ओशाळून म्हणाला. "तुम्हीच सोडलीत. सगळं पाणी वाटलं गेलंय. कुणी आपल्यातलं दिलं तरच."

लोहार तिथेच होता. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "तुमची पाळी माझ्याकडे आहे, खरंय. पण या वेळी सगळ्या रानात गहू पेरून बसलोय. आता अर्धं पाणी दिलं तर तुमचीही कोबी अर्धी आणि माझाही गहू अर्धा. पुढच्या हंगामाला तुमची तुम्हाला परत. चालेल?"

त्यात खोट काढावी असं काही नव्हतं. मामंजींनी मान हलवली. "चालेल," ते म्हणाले आणि फिरले. सुनेजवळून गेले, तरी तिच्याकडे बघितलं नाही.

ती घरी आली तेव्हा ते गोठ्यातले दोन डबे घासत होते. पत्र्याचे, कडीचे. एक त्यांनी तिच्या हातात दिला. तलावातून हाताने भरून नेलेल्या पाण्याला पाळी लागत नसे. दोघं बांध चढले, डबे भरले आणि दुसऱ्या अंगाने सांभाळून उतरले. चढताना मामंजींना धाप लागत होती आणि उतरताना खरचटलेला पाय मुडपत होता. पाटाकडे निघालेली माणसं थांबून बघत होती. सगळं शेत अशाने जगणार नव्हतं हे दोघांनाही कळत होतं. मामंजींनी शेताच्या मधोमध टाचेने रेघ ओढली. "अलीकडचं वाचवायचं," ते म्हणाले. "पलीकडचं गेलं." पलीकडची कोबी जास्त भरलेली होती, पण लांब होती.

एकेका रोपाच्या बुडाशी ती बेताने पाणी सोडत होती आणि ते पुढे होऊन पायाने माती सारून आळं करत होते. अर्धी ओळ झाली. या माणसाच्या मनात काय चाललंय, हे कळल्याशिवाय तिला दुसरी ओळ धरवेना.

"मामंजी."

"हं."

"माझा राग आलाय का तुम्हाला?"

मामंजी थांबले. कमरेवर हात ठेवून ताठ झाले आणि तिच्याकडे नीट बघितलं, पाझर बुजवला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"आलाय की," ते म्हणाले. "खूप आलाय. तुझाही आलाय आणि माझाही. जाईल तेव्हा जाईल. तू ओत, हे रोप कोरडं राहिलंय."

तिने ओतलं.